गावाचा डोह माशांसाठी राखताना : सातारा-सांगलीच्या नदीकाठासाठी मार्गदर्शक

पाण्याचा एखादा पट्टा मासेमारीसाठी बंद ठेवावा आणि तिथल्या जीवसृष्टीला सावरण्यासाठी अवसर द्यावा, ही कल्पना आपल्याकडे मुख्यतः समुद्राच्या संदर्भात ऐकू येते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचे मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. त्याचे एकूण क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर असून त्यातील ३.१८२ चौरस किलोमीटर हा गाभा आहे. त्या पाण्यावर ज्यांची चूल पेटते त्या मच्छीमारांचा या अभयारण्याला विरोध राहिला, आणि त्यामुळे नकाशावर काटेकोर आखलेली हद्द प्रत्यक्ष पाण्यात वादाचा विषय होऊन बसली. याउलट महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळणकोंड आणि वाडा तालुक्यात वैतरणेवरील तिळसे या ठिकाणी देवाचे म्हणून राखलेले मासे गावकरी पिढ्यान्‌पिढ्या धरत नाहीत, आणि त्यासाठी तिथे कोणाला पहारा बसवावा लागलेला नाही.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. परंतु कृष्णा, कोयना, वेण्णा, उरमोडी, तारळी, येरळा आणि वारणा या नद्यांमध्ये असे डोह आहेत की, मे महिन्यात नदीची धार बोटाएवढी झाली तरी त्यांच्यात पुरुषभर पाणी टिकून असते. असा एखादा डोह माशांसाठी राखावा असे ज्या गावातील तरुण मंडळाला, महिला बचत गटाला, शिक्षकांना किंवा ग्रामपंचायत सदस्यांना वाटते, परंतु सुरुवात कोठून करावी हे ज्यांना उमगत नाही, त्यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्याचे जाळे बंदीमुळे थांबणार आहे, त्यानेच बंदीचे नियम ठरवले पाहिजेत. पुढील सर्व पायऱ्या या एका गोष्टीभोवती रचलेल्या आहेत.

डोह राखल्याने नेमके काय साधते

नदीतील माशांचे वर्ष दोन भागांत विभागलेले असते. उन्हाळ्यात प्रवाह मंदावतो, उथळ पाणी तापते आणि त्यातील प्राणवायू घटतो. तेव्हा मोठे मासे खोल, गार पाण्यात गोळा होतात. तिथे ते थोड्या जागेत दाटीने राहत असल्यामुळे एका रात्रीत संपूर्ण डोह रिकामा करणे सहज शक्य असते. पावसाळ्याच्या आरंभी पाणी गढूळ होऊन वाढू लागले की, अनेक जातींचे मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने निघतात आणि ओढ्या-ओघळींत, कधी कधी थेट भाताच्या खाचरांत शिरतात. यांनाच आपण चढणीचे मासे म्हणतो. पहिल्या पावसात टॉर्च घेऊन ते धरायला जाणे हा आपल्या भागातील आवडीचा कार्यक्रम आहे, परंतु त्या वेळी हाती लागणारा बहुतेक मासा गाभोळीने भरलेला असतो, ही बाब क्वचितच कोणी ध्यानात घेते.

म्हणून संरक्षण दोन प्रकारचे असते: जागेचे आणि काळाचे. डोह बारमाही बंद ठेवणे हे जागेचे संरक्षण आणि चढणीच्या आठवड्यांत ओढ्याच्या तोंडाशी जाळे न लावणे हे काळाचे संरक्षण होय. कोकणात १ जूनपासून यांत्रिक नौकांना पावसाळी मासेमारीबंदी असते, तिच्यामागेही प्रजननकाळाचाच विचार आहे. केवळ डोह राखून चढण मोकळी सोडली, तर वर्षभर जपलेली मादी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कोणाच्या तरी बादलीत जाते. नवख्या गटांनी या दोन्ही गोष्टींचा विचार पहिल्याच बैठकीत एकत्र करावा.

पहिली पायरी : जे तिथे मासे धरतात त्यांच्याकडे जावे

पुष्कळ गट आधी फलक रंगवतात आणि मग मच्छीमारांना कळवतात. असे करू नये. अर्ज, ठराव, नकाशा यांपैकी कशालाही हात घालण्याआधी त्या डोहात कोण उतरते, हे शोधून काढावे. भोई आणि कोळी समाजाची कुटुंबे, मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासद, डोंगराकडच्या गावांत कातकरी कुटुंबे, सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन बसणारे नोकरदार, शेजारच्या गावातील मुले आणि आठवडी बाजारात मासे विकणाऱ्या स्त्रिया असे हे वर्तुळ अपेक्षेपेक्षा मोठे निघते. विक्री करणाऱ्या स्त्रियांना वगळू नये. कोणत्या महिन्यात कोणता मासा किती मोठा येतो आणि कोणता मासा बाजारातून नाहीसा झाला, हे त्यांच्याइतके नेमके क्वचितच दुसऱ्या कोणाला सांगता येते.

त्यांच्याशी बोलताना प्रश्नावलीचा कागद पुढे धरू नये. त्यांच्या वेळेला, म्हणजे जाळे वाळत घातल्यावर किंवा दुरुस्तीला बसल्यावर जावे आणि वडीलधाऱ्यांना काका, मामा, मावशी अशी गावची हाक मारूनच बोलावे. पुढील गोष्टी हळूहळू समजून घ्याव्यात: वर्षातील कोणते महिने या डोहावर निभतात, पर्यायी जागा कोणत्या, डोहाचा कोणता भाग बंद झाला तर सर्वांत कमी नुकसान होईल, बाहेरून येऊन रात्री करंट लावणारे किंवा जिलेटिन टाकणारे लोक आहेत का. बहुतेक ठिकाणी या शेवटच्या प्रश्नावर सर्वांचे सूर जुळतात, कारण विजेच्या धक्क्याने किंवा स्फोटाने पिल्लांसकट सारेच मरते आणि त्याची झळ प्रथम जाळेवाल्याला लागते. गावाचा आणि मच्छीमाराचा हा पहिला समान हेतू होय, आणि बोलणी इथूनच पुढे न्यावीत.

डोहाची खोली मोजण्याचे काम त्यांच्याकडूनच शिकावे. सुताच्या दोरीला दर फुटावर गाठ मारतात, टोकाला मूठभर दगड बांधतात आणि होडीतून, गुळाच्या काहिलीतून किंवा टायरच्या ट्यूबवर बसून दोरी सोडत जातात. दगड टेकल्याचा झटका हाताला कसा लागतो, यावरून खाली कातळ आहे, वाळू आहे की गाळ, हे जाणता माणूस लगेच सांगतो. कातळाच्या कपारीत वाम आणि मरळ, वाळूच्या उताराला शिंगाळा अशी घरे तो बोटाने दाखवतो. ही माहिती कोणत्याही सरकारी नकाशात नसते, आणि पुढे हद्द ठरवताना तिचाच सर्वाधिक उपयोग होतो. जो माणूस ही दोरी सोडतो, त्याचे नाव समितीच्या पहिल्या ओळीत असावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

दुसरी पायरी : पाण्यावर अधिकार कोणाचा, हे समजून घ्यावे

नदीचे पात्र शासनाच्या मालकीचे आहे, आणि ग्रामसभेने ठराव केला म्हणून गावाला त्या पाण्याची मालकी मिळत नाही. पाण्याचा साठा, बंधारे आणि धरणातून सुटणारे आवर्तन जलसंपदा विभागाकडे असते. कृष्णा खोऱ्यातील अनेक प्रकल्प १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाकडे आहेत. मासेमारीचे ठेके, संस्थांची नोंदणी आणि मत्स्यबीज यांसाठी जिल्ह्याचे सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांचे कार्यालय असते. वाळू हे गौण खनिज असल्यामुळे तो विषय तलाठी आणि तहसीलदार यांच्या महसूल यंत्रणेकडे जातो. सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी यांबाबत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जिल्ह्यातील कार्यालयाकडे तक्रार करावी लागते. डोह कोयना अभयारण्याच्या किंवा चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत असेल, तर तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग ठरतो. तिथे वनविभागाच्या परवानगीखेरीज पाण्यात उतरण्याचाही विचार करू नये.

ज्या जलाशयाचा किंवा पट्ट्याचा ठेका एखाद्या मच्छीमार संस्थेकडे आहे, तिथे त्या संस्थेच्या लेखी संमतीशिवाय पुढचे पाऊल टाकू नये. ठेका कोणाकडे आणि कोणत्या मुदतीपर्यंत आहे, हे सहायक आयुक्त कार्यालयात साध्या अर्जाने विचारता येते आणि उत्तर न मिळाल्यास माहिती अधिकाराचा मार्ग मोकळा असतो.

तिसरी पायरी : ग्रामसभा आणि समिती

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करायची असते. म्हणजेच नवी संस्था काढण्याची, नवे लेटरहेड छापण्याची बहुधा गरजच नसते. आपल्या ग्रामपंचायतीत ही समिती कागदावर अस्तित्वात असण्याचीच शक्यता अधिक आहे. ग्रामसेवकांकडे जाऊन समितीची सदस्ययादी आणि तिने तयार केलेली लोक जैवविविधता नोंदवही मागावी. नोंदवहीत नदीच्या रकान्यात काय लिहिले आहे, हे पाहावे. तिथे माशांची दोन-चार नावेच असतील किंवा पान कोरे असेल, तर तुमच्या कामाचा पहिला पुरावा तिथेच भरायचा आहे.

समितीत महिलांना किमान एक तृतीयांश स्थान असावे, असे केंद्राच्या २००४ च्या नियमांनी ठरवून दिले होते. मूळ अधिनियमात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली असल्यामुळे सदस्यसंख्या आणि रचनेचा चालू नियम नागपूर येथील महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाकडून पाहून घ्यावा. मासे धरणाऱ्या कुटुंबांतील किमान दोन व्यक्ती, त्यांपैकी एक स्त्री, समितीत असल्याखेरीज ठराव मांडू नये. प्रतिष्ठित नावांनी भरलेली समिती पाहायला बरी दिसते, परंतु रात्री बारा वाजता डोहावर टॉर्चचा उजेड दिसला तर ती नावे उठून जात नाहीत.

ग्रामसभेसाठी गणसंख्या, म्हणजे किमान लागणारी उपस्थिती, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी असेल ती धरली जाते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशीच्या सभांत विषय आधीच पत्रिकेवर घ्यावा, आयत्या वेळच्या विषयांत ढकलू नये. १ मेची सभा या कामासाठी विशेष सोयीची आहे, कारण तेव्हा डोह उघडा दिसत असतो आणि चढणीला अद्याप महिनाभर अवकाश असतो. नियमित ग्रामसभेपूर्वी होणाऱ्या महिला सभेतही हा विषय मांडावा. धुण्याचा घाट आणि पाणवठा यांबद्दलच्या खऱ्या अडचणी तिथेच पुढे येतात.

ठरावाच्या मजकुरात डोहाचे स्थानिक नाव, दोन्ही टोकांच्या ठळक खुणा, बंदीचा काळ, कोणाला कोणती सूट आणि नियम किती वर्षांसाठी आहे, हे स्पष्ट लिहावे. मुदत अवश्य घालावी. तीन वर्षांनी पुन्हा विचार होईल, हे वाक्य ठरावात असले की, विरोध करणाराही एकदा करून पाहायला तयार होतो. नदीच्या पलीकडच्या तीरावर दुसरे गाव असेल, तर त्या गावाच्या ग्रामसभेतही असाच ठराव व्हावा लागतो. एका काठाने राखलेला डोह दुसऱ्या काठाने रिकामा होतो आणि मग दोन गावांत नाहक वितुष्ट येते.

ठरावाची मर्यादाही सर्वांना आरंभीच सांगून ठेवावी. तो गावाने आपसात केलेला करार आहे. त्याच्या आधारे बाहेरच्या माणसाचे जाळे जप्त करण्याचा, त्याला अडवून ठेवण्याचा किंवा त्याच्यावर हात उगारण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही, आणि उत्साही तरुणांकडून असे काही घडले तर सारे काम पोलीस ठाण्यात अडकून पडते. स्फोटकांनी किंवा विष टाकून मासे मारणे मात्र १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमापासून गुन्हा मानले गेले आहे. असा प्रकार दिसल्यास ११२ क्रमांकावर पोलिसांना आणि वनक्षेत्र असेल तर १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर कळवावे. शक्य झाल्यास लांबून छायाचित्र घ्यावे आणि जवळ जाऊ नये.

चौथी पायरी : हद्द आणि नियम

हद्द अशी असावी की, ती अंधारातही ओळखता आली पाहिजे. अक्षांश-रेखांश कार्यालयासाठी ठीक आहेत. नदीत उभ्या असलेल्या माणसाला घाटाची शेवटची पायरी, जुना पिंपळ, पुलाचा तिसरा खांब किंवा बंधारा अशाच खुणा उपयोगी पडतात. डोहाचा सर्वांत खोल भाग आणि त्याला वरच्या बाजूने मिळणाऱ्या ओढ्याचे तोंड हे दोन्ही हद्दीत यावेत. संपूर्ण पट्टा बंद करण्याचा आग्रह मात्र धरू नये. राखलेल्या भागातील मासा वाढून बाहेर येतो आणि बाहेरच्या मोकळ्या पाण्यात मच्छीमाराच्या जाळ्यात जातो, हाच या व्यवस्थेचा लाभ आहे. बाहेर जाळे टाकायला जागाच उरली नाही, तर लाभ घेणारा कोण राहील?

नियम थोडके असावेत. राखीव भागात वर्षभर जाळे, गळ, करंट, विषारी पावडर यांपैकी काहीही नाही. ओढ्याच्या तोंडाशी पहिल्या पावसापासून ठरलेल्या तारखेपर्यंत आडवे जाळे नाही. आणि बाहेरच्या पट्ट्यात अतिबारीक आसाचे, म्हणजे लहान छिद्रांचे, जाळे नाही, एवढे तीन नियम बहुतेक गावांना पुरतात. आस किती असावा, हे मच्छीमारांनीच आपली जाळी समोर ठेवून, मोजून ठरवावे. पाणी भरणे, जनावरे धुणे, मूर्तिविसर्जन, पोहायला शिकणारी मुले यांबाबतची मुभा किंवा मर्यादा स्वतंत्र ओळीत लिहावी, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात गावात कुरबुर सुरू होते.

या भागात एक बाब हमखास विसरली जाते, ती म्हणजे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पावसाळा सरला की त्यांत बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी ते काढतात. बर्गे निघाल्यावर फुगवट्यातील पाणी काही तासांत उतरते आणि डोहाच्या कडेला अडकलेले मासे हाताने वेचता येतात. त्या दिवशी गावातील माणसे पाटी-बादली घेऊन धावतात, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. म्हणून जलसंपदा विभागाच्या शाखा अभियंत्यांना समितीने लेखी विनंती करावी की, बर्गे एकदम न काढता टप्प्याटप्प्याने काढावेत आणि आधी दोन दिवस कळवावे. त्या दिवशी डोहाच्या कडेच्या खळग्यांत अडकलेले मासे खोल पाण्यात सोडण्याचे काम शाळेच्या मुलांसह करता येते, अर्थात मोठ्यांच्या देखरेखीखाली.

उन्हाळ्यातील पाण्याची पातळी केवळ आपल्या हातात नसते, याचेही भान ठेवावे. कोयना धरणातून वर्षाला ६७.५० टीएमसी पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवण्याची मुभा आहे, आणि खालच्या बाजूला टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजना कृष्णेतूनच पाणी उचलतात. उपसा सुरू असण्याच्या आणि उपसाबंदीच्या तारखा समितीने भिंतीवर लिहून ठेवाव्यात. पातळी कधी घसरणार हे आधी ठाऊक असले की, राखणीचे मनुष्यबळ त्याच आठवड्यांत लावता येते.

पाचवी पायरी : नोंदी

तीन वर्षांनंतर ग्रामसभेत कोणी तरी विचारणारच की, याने झाले काय. त्याचे उत्तर तेव्हाच देता येते, जेव्हा पहिल्या दिवसापासून वही ठेवलेली असते. शास्त्रज्ञांची वाट पाहू नये, पण वही नीट ठेवावी. सर्वांत उपयोगी नोंद राखीव भागातील माशांची नसून, बाहेरच्या पट्ट्यात मच्छीमाराच्या हाती काय लागते याची असते. प्रत्येक नोंदीत तारीख, जागा, जाळ्याचा प्रकार, जाळे किती तास पाण्यात होते, जातीनिहाय वजन आणि सर्वांत मोठ्या माशाची लांबी एवढे लिहावे. तासांची नोंद वगळली, तर सारी वही निरुपयोगी होते. दोन तासांत चार किलो आणि रात्रभरात चार किलो यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

जातींची नावे गावात जशी म्हणतात तशीच आधी लिहावीत आणि सोबत पट्टीजवळ ठेवलेल्या माशाचे छायाचित्र जोडावे. एकाच माशाला वाईकडे एक आणि मिरजेकडे दुसरे नाव असू शकते. छायाचित्र असले की, शास्त्रीय नाव जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांकडून नंतरही ठरवून घेता येते. चिलापीची नोंद वेगळ्या रकान्यात करावी. बाहेरून आलेला हा मासा झपाट्याने वाढतो, आणि त्याचे वजन वाढल्यामुळे एकूण आकडा फुगला तर स्थानिक मासे वाढल्याचा खोटा समज होतो.

राखीव भागात डोकावायचेच असेल, तर सकाळच्या शांत वेळी ठरलेल्या दगडावर बसून ठराविक वेळात पृष्ठभागावर येणारे मासे मोजावेत. दर महिन्याला माणूस, जागा आणि वेळ तीच असावी. या मोजणीत चुका होतात, परंतु त्या दर महिन्याला सारख्याच असल्यामुळे चढ-उतार तरी कळतो.

मासे आणून सोडण्याचा मोह

नव्या गटांना डोह राखताच त्यात मत्स्यबीज सोडावेसे वाटते, आणि त्या दिवशी छायाचित्रेही चांगली निघतात. माझा याला स्पष्ट विरोध आहे. रोहू आणि मृगळ हे मुळात गंगा खोऱ्यातील मासे आहेत. बंदी असलेला थाई मांगूर तर पाण्यातील इतर मासे खाऊन टाकतो. महाशीरसारखा आपला मासाही दुसऱ्या खोऱ्यात नेला की घात करू शकतो: दख्खनचा महाशीर कावेरीत सोडल्यानंतर तिथल्या मूळच्या कुबडाच्या महाशीराची पीछेहाट झाल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. डोहात जे मासे आधीपासून आहेत, त्यांना अंडी घालण्याची संधी मिळाली तर बाहेरून काही आणण्याची आवश्यकता राहत नाही. ठेका असलेल्या जलाशयात मत्स्यबीज सोडणे हा संस्थेच्या व्यवसायाचा भाग असतो. तो प्रश्न वेगळा आहे.

पाण्यात विष आले तर

सांगलीकरांनी कृष्णेच्या काठावर मेलेल्या माशांचा खच पडलेला पाहिला आहे, आणि शहराचे सांडपाणी नदीत आणणारा शेरीनाला हा तिथला जुना, जाहीर प्रश्न आहे. वर्षानुवर्षे राखलेला डोह दूषित पाण्याने एका रात्रीत मरू शकतो. म्हणून या प्रसंगाची तयारी आधीच असली पाहिजे.

मासे वर येऊन तोंडाने हवा घेऊ लागले, तर ते प्राणवायू संपत आल्याचे चिन्ह होय. जलचरांसाठी पाण्यात प्रतिलिटर किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. तो मोजण्याचा साधा रासायनिक संच शाळेच्या प्रयोगशाळेतही ठेवता येतो. पहाटेची मोजणी सर्वांत महत्त्वाची, कारण रात्रभर वनस्पतींकडून प्राणवायू तयार होत नसल्याने त्या वेळी पातळी सर्वांत खाली असते. अशी लक्षणे दिसताच प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जिल्हा कार्यालयाला दूरध्वनी करून, पाठोपाठ ईमेल पाठवून, नमुना घेण्यासाठी अधिकाऱ्यास बोलवावे. नदीत पाणी पुढे सरकते आणि काही तासांनी घेतलेल्या नमुन्यात कदाचित काहीच सापडत नाही. वेळ दिसेल अशी छायाचित्रे घ्यावीत, वरच्या बाजूला नदीत मिसळणाऱ्या प्रत्येक नाल्याचे पाणी स्वतंत्र स्वच्छ बाटलीत भरून त्यावर वेळ व जागा लिहावी, आणि तलाठ्यांकडून पंचनामा करून घ्यावा. गावाने भरलेल्या बाटल्या कायदेशीर पुरावा म्हणून पुरेशा ठरत नाहीत, परंतु अधिकाऱ्यांनी नमुना कोठून घ्यावा हे त्यांच्यावरून दाखवता येते. मेलेले मासे कोणीही विकू नयेत वा खाऊ नयेत, याची दवंडी त्याच सकाळी द्यावी. आणि दोषी कोण हे चाचणीआधी जाहीरपणे कोणाच्याही नावाने बोलू नये.

मगरी असलेल्या पट्ट्यात

सांगली जिल्ह्यात भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, डिग्रज या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत आणि माणसांवर हल्लेही झाले आहेत. इथे डोह राखण्याची कल्पना मांडली की, पहिला प्रश्न येतो तो, मासे वाढले तर मगरी वाढतील का, हाच. तो प्रश्न टाळू नये. मगर वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत असून तिला इजा करणे हा गंभीर गुन्हा आहे. त्याच वेळी धुण्याला जाणाऱ्या बाईच्या जिवाची काळजी हाही समितीचाच विषय आहे. राखीव भाग वापरातल्या घाटापासून पुरेसा लांब निवडावा, घाटावर पाण्यात उतरण्याच्या जागेला वनविभागाच्या मदतीने मजबूत जाळीचे कुंपण करता येईल का ते पाहावे, मांस-कोंबड्यांचा कचरा नदीत टाकणे बंद करावे, आणि फेब्रुवारी ते एप्रिल या अंडी घालण्याच्या काळात काठावरील मऊ मातीच्या उतारांकडे जाऊ नये. खोली मोजणे, अडकलेले मासे सोडणे ही कामे या पट्ट्यात वनरक्षकांना कळवल्याशिवाय करू नयेत.

कायद्याचे अधिक कवच हवे असल्यास

गावाचा ठराव दोन-तीन वर्षे नीट चालला, तरच पुढच्या पायरीचा विचार करावा. जैविक विविधता अधिनियमाच्या कलम ३७ नुसार राज्य शासन स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून जैविक वारसा स्थळ जाहीर करू शकते. आंबोलीजवळ, हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी सापडलेल्या एका छोट्या माशाच्या अधिवासाला २०२१ मध्ये असा दर्जा मिळाला. एका माशासाठीही असे होऊ शकते, हे त्यावरून दिसते. याच कलमात एक तरतूद आहे जी प्रत्येक मच्छीमार कुटुंबाला वाचून दाखवावी: अशा अधिसूचनेमुळे ज्यांचे आर्थिक नुकसान होईल त्यांच्या भरपाईसाठी किंवा पुनर्वसनासाठी राज्य शासनाने योजना आखायची आहे. प्रस्ताव पाठवतानाच बाधित कुटुंबांची यादी आणि त्यांच्या उत्पन्नाची वहीवरून काढलेली नोंद जोडावी, म्हणजे ही तरतूद केवळ कागदावर राहणार नाही.

दुसरा मार्ग वन्यजीव संरक्षण अधिनियमातील संवर्धन राखीव क्षेत्राचा आहे. तो शासकीय मालकीच्या क्षेत्रासाठी असून त्यासाठी स्थानिक लोकांशी चर्चा करणे बंधनकारक आहे, आणि व्यवस्थापन समितीत हद्दीतील प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो. खटाव तालुक्यातील मायणी पक्षी संवर्धन राखीव २०२१ मध्ये याच मार्गाने जाहीर झाले. कम्युनिटी रिझर्व्ह हा तिसरा प्रकार खासगी किंवा समाजाच्या मालकीच्या जमिनीसाठी आहे. नदीपात्र शासनाचे असल्याने डोहाला तो सहसा लागू पडत नाही. सागरेश्वरचे अभयारण्य धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने आणि परिसरातील लोकांच्या श्रमांतून उभे राहिले आणि १९८५ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाले. तिथे आधी काम उभे राहिले आणि नंतर दर्जा मिळाला, हा क्रम सांगलीकरांना नवा नाही.

पैशाबद्दल

खर्च फारसा नसतो: दोन फलक, वह्या, टॉर्च, प्राणवायू मोजण्याचा संच आणि पावसाळ्याच्या आरंभी राखणदारांचे मानधन. स्थानिक जैवविविधता निधीची तरतूद कायद्यातच आहे आणि समितीला व्यापारी वापरासाठी जैविक साधने गोळा करणाऱ्यांकडून शुल्क घेता येते. राखणीचे मानधन डोह बंद झाल्यामुळे ज्यांचे जाळे थांबले, त्यांनाच प्रथम द्यावे. पर्यटनातून पैसा येईल, या आशेवर काम उभारू नये. कासच्या पठारावर वनविभाग आणि परिसरातील गावांच्या समित्यांनी प्रवेशशुल्काची व्यवस्था बसवली, परंतु तिथे फुले पाहायला लोक लांबून येतात, डोहातले मासे पाहायला तसे येणार नाहीत.

दरवर्षीची बैठक

दर वर्षी एप्रिलच्या शेवटी, म्हणजे १ मेच्या ग्रामसभेआधी, समितीने डोहाच्या काठावरच बैठक घ्यावी. तिथे वही मोठ्याने वाचावी आणि पहिले बोलणे मासे धरणाऱ्या कुटुंबांचे असावे. बाहेरच्या पट्ट्यात तासामागे मिळणारा मासा वाढला, घटला की तितकाच राहिला. चढणीच्या काळात नियम कोणी मोडला आणि का मोडला. हद्दीची खूण पुरात वाहून गेली का. हे प्रश्न क्रमाने घ्यावेत. नियम मोडणारा माणूस गरजेपोटी वळला असेल, तर शिक्षेचा विषय काढण्याआधी त्या आठवड्यांत त्याला राखणीचे काम देता येईल का, हे पाहावे. दोन वर्षांच्या नोंदींत काहीच फरक दिसत नसेल, तर हद्द बदलावी, ओढ्याच्या तोंडावरील बंदीची तारीख पुढे-मागे सरकवावी, आणि बदललेला मजकूर त्याच वर्षीच्या १ मेच्या ग्रामसभेत नव्याने मंजूर करून त्याची प्रत सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय आणि जलसंपदा शाखा कार्यालय यांना पोचपावतीसह द्यावी.